शनिवारचे गुणदोष

अमरावतीच्या आमच्या व्यायामशाळेत शनिवारी संध्याकाळी मारुतीची आरती झाली, की कापूर विझायच्या आत मास्तर गुणदोष सांगायला बसत. बसत म्हणजे ते बसत, आम्ही उभे. एकेकाला पुढे बोलवायचं, तोंड मारुतीकडे, पाठ बाकीच्या पोरांकडे, हात जोडलेले. मास्तर आधी गुण सांगायचे. ते लवकर संपायचे. मग दोष. एक दोष सांगून झाला की मास्तर थांबायचे आणि पोराने म्हणायचं, ‘मान्य.’ ‘पण’ म्हणायचं नाही, ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘मास्तर, त्याचं असं झालं’ हे तर बिलकूल नाही. सगळे दोष मान्य झाले की ओंजळीत भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा मिळायचा. ज्याने तोंड उघडलं त्याला चणे नाहीत, शिवाय पुढच्या शनिवारी ‘उलट बोलतो’ हा दोष वाढलेला.

गावातल्या बड्या लोकांना या चालीचं फार कौतुक होतं. कापसाचे अडते, वकील, शाळाखात्याचे अधिकारी मुद्दाम शनिवारी यायचे, सतरंजीवर बसायचे आणि पोरं कशी खाली मान घालून ऐकून घेतात ते पाहून माना डोलवायचे. स्वतःच्या घरी त्यांनी कधी कोणाचं असं ऐकून घेतलं असेल असं मला वाटत नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. त्या चालीचं कौतुक अजून कोणी माझ्यापुढे केलं, तर मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

मी तिथे कसा गेलो ते सांगतो. मोर्शीच्या रस्त्याला, अमरावतीपासून जवळच, आमचा मळा होता. वांगी, कोबी, मेथी, पावसाळा सरला की कोहळी. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात, आणि एकेक कोहळं तान्ह्या पोराएवढं भरायचं. बाप मोट हाकायचा, माय बाजारात बसायची, आणि मी वाढायचो. दुसरं काही काम नसल्यासारखा वाढायचो. मिसरूड फुटायच्या आधीच घराच्या चौकटीला माझं कपाळ लागायला लागलं. माय रोज ओरडायची, ‘‘वाक रे, वाक! चौकट काही तुयासाठी वर होनार नाई.’’ मी वाकायला शिकलो. पुढे दार नसलं तरी वाकून चालायला लागलो. या वाकण्याचाही पुढे शनिवारी एक दोष झाला.

त्या दिवशी आम्ही बाजारात कोहळी उतरवत होतो. बाप गाडीवर उभा राहून फेकायचा आणि मी खाली झेलून ढिगावर ठेवायचो. कोहळं झेलणं हे वाटतं तितकं सोपं नाही. हात ताठ ठेवला तर ते फुटतं, आणि फुटलेलं कोहळं कोणी घेत नाही. त्याच्याबरोबर हात थोडा मागे न्यावा लागतो, त्याला वाटलं पाहिजे की आपण अजून पडतोच आहोत. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. एक-दोन फुटली, बापाने पाठीत धपाटे घातले, आणि हात आपोआप मागे जायला लागले.

व्यायामशाळेचे मास्तर त्या वेळी पिशवी घेऊन वांगी निवडत होते. वांगं हातात तसंच राहिलं आणि ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग जवळ आले आणि म्हणाले, ‘‘हात दाखव.’’ मला वाटलं, हे हात पाहून भविष्य सांगणार. त्यांनी माझा पंजा पसरवून त्यावर स्वतःची वीत ठेवून बघितली आणि स्वतःशीच ‘अरे वा’ म्हणाले. एका अर्थी त्यांनी माझं भविष्यच पाहिलं, फक्त ते त्यांच्या उपयोगाचं होतं.

दुसऱ्या बाजाराला ते व्यायामशाळेच्या अध्यक्षांना घेऊन आले. अध्यक्ष वकील होते, पण गावात त्यांची ख्याती कोर्टापेक्षा शंकरपटातली जास्त. बैलांच्या शर्यतीत त्यांची जोडी असली की आसपासच्या गावांचे लोक चालत बघायला यायचे. वकीलसाहेबांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. पोटरी दाबून पाहिली. मागे सरून डोळे बारीक केले.

‘‘हाड उत्तम आहे,’’ ते मास्तरांना म्हणाले. ‘‘छाती भरायची आहे अजून. पाय लांब आहेत, पण जड वाटतात. आणि मान खाली घालतो, हे काही चांगलं लक्षण नाही.’’

‘‘खाल्ल्यापेल्यावर भरन साहेब,’’ माझा बाप म्हणाला. ‘‘सोभावानं गरीब हाय. मारत-बिरत नाई.’’

सगळे हसले. बापही हसला. माल खपवताना त्याच्या आवाजात जो गोडवा यायचा तोच तेव्हा आला होता. मी तिथेच उभा होतो, माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. आज लिहितानाही कान गरम होतात.

मास्तर मद्रासेला जाऊन बास्केटबॉल शिकून आले होते. आमच्या भागात तेव्हा हा खेळ नवा होता. कुस्ती, मल्लखांब, लेझीम, खो-खो हे सगळ्यांना ठाऊक; पण खांबावर लोखंडी कडं ठोकून त्यात चेंडू टाकायचा, यात मर्दानी काय आहे ते लोकांना कळेना. मास्तरांनी मात्र जिवाचं रान केलं. लिंबाच्या लाकडाचे दोन खांब, त्यावर फळ्या, मुरूम घालून चोपलेलं मैदान, आणि वादीने शिवलेला एक चामडी चेंडू, ज्याला कोणी उगाच लाथ मारली तर मास्तर जेवायचे नाहीत. सगळं होतं, फक्त उंच पोरगा नव्हता. कड्याखाली उभा राहणारा, दोन्ही बाजूंच्या हातांवरून चेंडू काढून घेणारा. त्याला ते सेंटर म्हणत.

त्या बदल्यात मला इंग्रजी शाळा, व्यायामशाळेच्या वसतिगृहात जागा आणि दोन वेळचं जेवण मिळणार होतं. आणि मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्यासाठी मी खरा गेलो. मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ निवडला जातो, त्यात ज्याची निवड होते त्याला पुढे सरकारी शाळेत ड्रिलमास्तरची जागा मिळू शकते. ड्रिलमास्तर! खाकी पोशाख, गळ्यात शिट्टी, आणि पाठ ताठ ठेवण्याबद्दल पगार. वाकून वाकून मानेत बाक आलेल्या पोराला याहून मोठं स्वर्गसुख कोणतं? मला वकील नव्हतं व्हायचं, जमीनदार नव्हतं व्हायचं. मला तेवढंच हवं होतं.

बाप म्हणाला, ‘‘जाऊ दे. इथं कोहळे झेलून राह्यला, तिथं चेंडू झेलन.’’ मायने एकच विचारलं, ‘‘तिथं दारं उंच हायेत काय, बाप्पा?’’

दारं उंच होती. बाकीचं सांगायला नको.

पहिल्याच शनिवारी मला माझे गुण कळले. उंची. लांब हात. चेंडू हातातून सुटत नाही. आज्ञाधारक. इथपर्यंत मला छान वाटलं. मग दोष. मान खाली घालतो, मान्य. वळताना वेळ लावतो, मान्य. डावा हात नुसता लोंबतो, मान्य. पाय जड आहेत, मान्य. चणे ओंजळीत पडले, मी खाल्ले, आणि मला वाटलं की हे किती थोर लोक आहेत, यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं. मळ्यात कोणी मला एवढं पाहिलं नव्हतं. तेव्हा मी नवा होतो.

माझं काम ठरलेलं होतं. उडी मारायची, चेंडू काढायचा आणि वकीलसाहेबांच्या मुलाकडे द्यायचा. तो आमच्यातला नेम धरणारा. मी द्यायचो, तो टाकायचा, लोक टाळ्या वाजवायचे. पोरगा वाईट नव्हता, हे लिहायला मला आजही जड जातं. नेमही चांगला होता. पण कड्याखाली चार जणांच्या कोपरांचा मार खाऊन चेंडू बाहेर काढायचा मी, आणि सतरंजीवरून ‘शाब्बास’ यायची ती त्याला. मला पोरं मल्लखांब म्हणायची. बरोबरच होतं. मल्लखांबावर चढणाऱ्याला लोक नावाजतात. खांबाला फार तर तेल लावतात.

एकदा सुटीच्या दिवशी दुपारी मैदान रिकामं होतं. ऊन होतं म्हणून सगळे झोपले होते. मी चेंडू घेऊन कड्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि सहज, विचार न करता, मळ्यात कोबीचे गड्डे गाडीवर चढवायचो तसा खांद्यावरून मागे फेकला. गड्डा चढवताना कोणी पूर्ण वळून फेकत नाही. वाकायचं, उचलायचं, पाठमोरंच अर्धं वळायचं आणि हात डोक्यावरून गोल न्यायचा. वर बाप उभा असतो, त्याच्या हातात तो बरोबर जातो. चेंडू फळीला न लागता कड्यातून खाली आला. मी पुन्हा टाकला. पुन्हा आला. मग मी घामाने निथळेपर्यंत टाकत राहिलो. काही चुकले, बरेच पडले. आणि मला कळलं की या फेकीला कोणी अडवू शकत नाही, कारण चेंडू आणि अडवणारा यांच्यामध्ये माझं सगळं अंग असतं, आणि हात तर वर आभाळात.

आयुष्यात ‘हे माझं आहे’ असं मला दोन-तीनदाच वाटलं असेल. त्यातलं पहिलं तेव्हा.

त्याच आठवड्यात सरावाच्या खेळात मी ती फेक केली. वकीलसाहेबांचा मुलगा मोकळा उभा होता, हात वर करून ‘दे, दे’ म्हणत होता. मी दिला नाही. पाठमोरा फेकला आणि चेंडू कड्यात पडला. भिंतीवर बसलेली पोरं ओरडली. वकीलसाहेबांचा मुलगाही ओरडला, ‘‘अबे, हे कुठून आनलं तू?’’ मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शिट्टी तोंडातून काढून रुमालाने पुसत होते.

शनिवारी मी मारुतीपुढे उभा राहिलो. सतरंजी भरलेली होती.

‘‘स्वतःसाठी खेळतो,’’ मास्तर म्हणाले.

मी म्हणालो, ‘‘मान्य.’’

‘‘पाठमोरा फेकतो. हा तमाशातला खेळ झाला, मैदानातला नाही. ज्याचं काम चेंडू देण्याचं, त्याने बास्केटकडे बघू नये. बास्केट त्याच्या हातातली नाही.’’

चेंडू पडला होता. सगळ्यांनी पाहिला होता. ‘विचारा ना या पोरांना’ एवढंच म्हणायचं होतं. मारुतीला चांदीचे नवे डोळे लावले होते, ते मी बघत राहिलो. मागे कोणीतरी खाकरलं.

‘‘मान्य.’’

पुढे मी पाठमोरा फेकला नाही. दुपारी एकट्यानेसुद्धा नाही. खेळात कडं समोर असलं तरी मी बघायचो नाही. ते तिथे नाहीच असं समजायची सवय लावून घेतली. आणि मग काही महिन्यांनी मास्तरांनीच शनिवारी सांगितलं, की याला बास्केट टाकता येत नाही, हा याचा मोठा दोष आहे.

पायांचंही तसंच. माझे गुडघे त्या काळात ठणकायचे. गुडघ्याखाली टेंगळं आली होती. वाढत्या पोरांना असं होतं, थोडी विश्रांती दिली की जातं, हे मला फार पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच कामाला गेलो असताना. व्यायामशाळेत त्याचं निदान वकीलसाहेबांनी केलं, ‘पाय जड आहेत’, आणि त्यावर उपाय मास्तरांनी, बैठका. सकाळी बैठका, संध्याकाळी बैठका. गुडघे आणखी सुजले, पाय आणखी जड झाले, म्हणून बैठका वाढवल्या. पटाच्या बैलाच्या खुराला साधा खडा लागला तर वकीलसाहेब आठ-आठ दिवस त्याला गोठ्याबाहेर काढायचे नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण त्या दिवसांत त्या बैलाच्या खुराला हळदीचा लेप लावायला वसतिगृहातली पोरंच जायची. मी वाकून लेप लावायचो. माझे गुडघे कटकट वाजायचे.

आणि तो दिवस आला. प्रांताच्या संघासाठी वऱ्हाडातली पोरं अकोल्याला बघणार होते. नागपूरहून एक निवड करणारे गृहस्थ येणार, आमचा आणि अकोलेकरांचा सामना लावणार, आणि दोन पोरं घेणार, त्यात एक सेंटर. सेंटर म्हणजे मी किंवा अकोल्याचा उंच पोरगा. तिसरा कोणी वऱ्हाडात नव्हताच.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला उतरलो. कापसाचे दिवस होते. मैदानाशेजारी जिनिंगचा कारखाना, त्यामुळे हवेत सारखा कापसाचा भुरा उडत होता, नाकातोंडात जात होता. अकोल्याचा सेंटर माझ्याहून वीतभर ठेंगणा. अंगाने आडदांड, तोंडाने त्याहून. पंचाने शिट्टी मारली की हा त्याच्याशी भांडायला जायचा. ‘‘मी कुठं ढकललं बाप्पा? तोच येऊन पडला माह्या अंगावर!’’ चेंडू त्याच्या हातातून साबणासारखा निसटायचा. फेकायचा तो दहा ठिकाणी, पडायचा एखादा. पण फेकायचा. चुकला की कपाळावर हात मारून हसायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा फेकायचा.

मी त्याच्याकडून बहुतेक सगळे चेंडू काढून घेतले. गुडघे ठणकत होते, पण हात माझे होते, ते चालले. घेतला की वकीलसाहेबांच्या मुलाला दिला. तो टाकत गेला. आम्ही जिंकलो. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला वाटलं, झालं. खाकी पोशाख मला डोळ्यापुढे दिसायला लागला.

निवड करणारे गृहस्थ वाळकेसे, डोक्यावर साहेबी टोपी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खेळ संपल्यावर ते बराच वेळ मास्तरांशी बोलत उभे होते. मग त्यांनी दोन्ही सेंटरना मैदानातच बोलावलं. मास्तर आणि वकीलसाहेब मागे उभे राहिले. चेंडू त्या गृहस्थांच्या हातात होता.

आधी अकोल्याच्या पोराकडे वळून ते म्हणाले, ‘‘तुला डावीकडे वळता येत नाही.’’

‘‘कोन म्हन्ते?’’ तो एकदम उसळला. मग माणूस कोण आहे ते आठवून जरा खाली आला. ‘‘येते ना साहेब. द्या, पाहा मंग.’’ चेंडू जवळजवळ हिसकूनच घेतला त्याने. डावीकडे वळला, स्वतःच्याच पायात अडकला, फेकला, चुकला. धावत जाऊन चेंडू आणला, पुन्हा वळला, पुन्हा चुकला. ‘‘थांबा साहेब, जाऊ नका.’’ शेवटी एकदाचा पडला. तो गृहस्थांकडे असा बघायला लागला, की जणू पहिलाच पडला होता. गृहस्थ हसले.

मग त्यांनी चेंडू मागून घेतला आणि माझ्याकडे टाकला. मी झेलला. झेलणारच.

‘‘तुझे मास्तर सांगतात, बास्केट तुझ्या हातातली नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आणि पाय जड आहेत. मी आज पाहिलं, तू एकदासुद्धा कड्याकडे बघितलं नाहीस. खरंच येत नाही का तुला?’’

त्यांचा आवाज चांगला होता. हे मला नंतर, फार नंतर कळलं. त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून ते विचारत होते. माझ्या हातात चेंडू होता आणि कडं माझ्या पाठीमागे, जितक्या अंतरावरून मी त्या सुटीच्या दुपारी चेंडू कोबीच्या गड्ड्यासारखा टाकत होतो तितक्याच अंतरावर. अर्धं वळायचं, हात गोल न्यायचा. एवढंच. पण मी ज्या व्यायामशाळेत वाढत होतो तिथे दोष सांगून झाल्यावर जी शांतता व्हायची, ती एकाच शब्दासाठी व्हायची. दोष ही विचारायची गोष्ट असते आणि तिला उत्तर म्हणून काही करून दाखवायचं असतं, हे नागपूरच्या त्या माणसाला ठाऊक होतं, अकोल्याच्या त्या भांडकुदळ पोराला ठाऊक होतं. मला नव्हतं. नागपूरच्या माणसाला आमच्या शनिवारची तरी काय कल्पना असणार?

ते थांबले. मागे मास्तर उभे होते.

हात जोडायचे तर चेंडू खाली ठेवावा लागतो. मी वाकून चेंडू पायाशी ठेवला, हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणालो, ‘‘मान्य.’’

‘‘काय मान्य?’’ गृहस्थांना कळेना.

‘‘दोष मान्य आहेत.’’

‘‘पाहिलंत?’’ मागून मास्तरांचा आवाज आला. त्यात केवढा अभिमान होता! ‘‘हे आमच्याकडचं वळण. एक शब्द उलट नाही.’’

गृहस्थांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वाकून त्यांनीच चेंडू उचलला, काखेत धरला आणि हळू म्हणाले, ‘‘हात इतके सुंदर आहेत तुझे.’’ आणि ते अकोल्याच्या पोराकडे वळले, त्याचं गाव, वय, शाळा विचारायला लागले.

परतीच्या गाडीत मास्तर खुशीत होते. वकीलसाहेबांच्या मुलाची निवड झाली होती, आणि आपल्या शिस्तीची छाप पडली, असं त्यांना मनापासून वाटत होतं. माझी निवड झाली नाही याचं त्यांना वाईट वाटलं, पण जसं एखाद्या फांदीला फळ धरलं नाही याचं वाटतं तसं. वकीलसाहेबांचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला, अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, ‘‘तू फेकला काहून नाही बे? तो पाठमोरा? तुले तर येत होता ना!’’

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. येत होता हे त्याला आठवत होतं. दर शनिवारी तो माझ्या मागेच उभा असायचा. एकदा तरी तो बोलला असता तर त्याला कोण चणे नाकारणार होतं? त्याच्या बापाच्याच पैशाचे चणे होते ते. मी संत्रं खिडकीतून बाहेर टाकलं. तो उठून दुसरीकडे गेला.

पुढचं थोडक्यात. प्रांताच्या संघात न घेतलेला सेंटर पोसण्यात अर्थ नव्हता. वकीलसाहेबांनी बापाला बोलावून घेतलं आणि वर्ष संपलं की पोराला घेऊन जा म्हणून सांगितलं. मॅट्रिक राहिली. मी मळ्यावर परत आलो आणि जन्मभर भाजी पिकवली, विकली. अकोल्याचा तो पोरगा पुढे खरोखरच ड्रिलमास्तर झाला. एकदा रेल्वेच्या फलाटावर लांबून दिसला, पोट सुटलेलं, कोणाशी तरी भांडत होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. उंच नातवंडांना बघून लोक विचारतात, ‘‘आजोबा, तुमी काही खेळत नव्हते काय?’’ मी म्हणतो, नव्हतो.

पण अकोल्याहून परतल्यावर जो पहिला शनिवार आला तो सांगायचा राहिला.

आरती झाली. अकोल्याची बातमी गावात पोचली होती, त्यामुळे सतरंजीवर नेहमीपेक्षा जास्त लोक होते. वकीलसाहेबांच्या मुलाला हार घातला. मग मला पुढे बोलावलं. मी मारुतीकडे तोंड करून उभा राहिलो, हात जोडले. मास्तरांनी गुण सांगितले, उंची, लांब हात, आज्ञाधारक. मग ते थांबले, घसा साफ केला आणि दुःखाने, अगदी खऱ्या दुःखाने म्हणाले, ‘‘आणि मोठा दोष. संधी समोर आली तेव्हा हा पुढे सरसावला नाही. हातात चेंडू होता, तो खाली ठेवला.’’

शांतता झाली. सगळे माझ्या पाठीकडे बघत होते.

मी म्हणालो, ‘‘मान्य.’’

त्या दिवशी मास्तरांनी मला मूठभर चणे जास्त दिले.